काठावरचा द्राक्षवेल

डिसेंबर लागला की भल्या सकाळी आमच्या रस्त्यावरून दिंडोरीकडे टेम्पो जायला लागतात. मागे बाया उभ्या, दाटीवाटीने. डोक्याला टॉवेल, साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, हातात डब्याची पिशवी. त्या पिशवीत भाकरीच्या शेजारी एक कात्री असते. वीतभर लांब, चोचीसारख्या बारीक टोकांची. बागांमध्ये विरळणी सुरू झालेली असते. द्राक्षाच्या घडात मणी दाटले की कोणालाच नीट फुगता येत नाही, म्हणून मधले मधले मणी कात्रीने काढून टाकायचे. हात जरा चुकला की शेजारच्या मण्याला टोक लागतं आणि तो पुढे सडतो. दिवसभर मान वर करून हे करत राहायचं. मला विचाराल तर विमान बांधणं त्यापेक्षा सोपं.

हे टेम्पो दिसले की मला पेन्सिल्व्हेनिया आठवतं.

ज्या माणसाने नाइलाज झाल्याशिवाय मुंबईसुद्धा पाहिली नाही, त्याला पेन्सिल्व्हेनिया आठवावं हे जरा जास्तच झालं, मान्य. मी ते पाहिलेलं नाही. माझं पेन्सिल्व्हेनिया पोस्टाच्या पाकिटातून आलं, कातरलेल्या कागदाचं, आणि ते सगळं मिळून एका हिवाळ्याएवढंच आहे.

पाच-सहा वर्षं झाली असतील. आमची मृदुला लग्न होऊन तिकडे गेलेली. तिला दिवस राहिले आणि बाळंतपणाला आई हवी झाली. दिवाळीच्या चकल्या मऊ पडायच्या आत शालिनी, म्हणजे आमची सौ., निघाली. दोन बॅगा. एकीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा. दुसरीत जुन्या सुती साड्यांची दुपटी. तिचे स्वतःचे कपडे उरलेल्या कोपऱ्यांत. परतीचं तिकीट फेब्रुवारीअखेरचं.

"बाबा, तुम्हीपण या ना," मृदुला फोनवर म्हणाली होती.

"रजेचं बघतो," मी म्हणालो.

मी ओझरच्या विमान कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. रजेचा अर्ज मी लिहिलासुद्धा. दिला नाही. माझ्याशिवाय देशाची विमानं जमिनीवर राहतील असा तेव्हा माझा समज होता. मी निवृत्त झालो त्याला आता दोन वर्षं झाली. विमानं उडताहेत, उलट आवाज वाढलाय. आणि खरं कारण ते नव्हतंच. लेकीच्या घरी बाळंतपणात बाप म्हणजे दारातला जोडा, कुठेही ठेवला तरी कोणाच्या तरी पायात येतो. त्यापेक्षा आपण आपल्या घरी बरे, असा माझा हिशेब. शालिनीला मी म्हटलं, "तू हो पुढे." ती झाली. मी मागेच राहिलो.

पहिले आठ दिवस मी फार आनंदात होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. रेडिओ हवा तेवढा मोठा. रात्रीच्या जेवणाला भेळ. ओला टॉवेल पलंगावर, आणि पलंगावरच्या टॉवेलविषयी कोणाचंही काही म्हणणं नाही. नवव्या दिवशी मंडईतून मटार आणले. किलोभर आणले, कारण आमच्याकडे मटार किलोभरच येतात. कारखान्याच्या बसमधून उतरून, हातपाय धुऊन, मी परात घेऊन बसलो आणि सोलायला लागलो. मटार हा एकट्याने सोलायचा जिन्नस नाही. समोर कोणीतरी लागतं, ज्याच्याशी बोलताना हात चालतात, जो मधूनच दाणे तोंडात टाकतो आणि ज्याला आपण "पुरे आता" म्हणतो. मी स्वतःच दाणे खाल्ले. स्वतःला पुरे म्हणावंसं वाटलं नाही. शेवटी शेंगा जास्त आणि दाणे मूठभर उरले तेव्हा परात तशीच ओट्यावर सरकवली आणि दिवा लावायचा राहिलाय हे लक्षात आलं.

नाशिकची थंडी तशी कोरडी, शहाणी थंडी. पण त्या वर्षी ती घराच्या आत येऊन बसली होती. बसची वाट बघत मी म्हसरूळच्या कोपऱ्यावर उभा राहायचो. तोंडातून वाफ निघायची. धुक्यात लांब कुठेतरी बागेत फवारणीचा ट्रॅक्टर घरघरायचा. दिवसभर कारखान्यात माणसांत असायचो, पण सहकारी विचारायचे, "वहिनी कधी येणार?" आणि मी म्हणायचो, "फेब्रुवारी." हा शब्द मी इतक्यांदा उच्चारला की तो महिना न वाटता एखाद्या गावाचं नाव वाटायला लागला.

फोन रविवारी सकाळी साडेसातला. आमची रविवारची सकाळ म्हणजे त्यांची शनिवारची रात्र. शालिनी पैसे भरलेलं फोनचं कार्ड वापरून बोलायची, आणि अमेरिका लांब आहे म्हणून मोठ्याने बोलायची.

"अहो, झाली! मुलगी! सई नाव ठेवायचं ठरवलंय! नाक तुमच्यावर गेलंय, पण जाईल हळूहळू!"

डिसेंबर असा गेला. मग फोनमध्ये समोरच्या घरातल्या एडनाबाई यायला लागल्या.

एडनाबाई ऐंशीला टेकलेल्या. एकट्या राहायच्या. बाळ झाल्याचं कळल्यावर भांडंभर सूप घेऊन आल्या. शालिनीने त्यांना डिंकाचा लाडू दिला. तो फोडायला त्यांनी दातांऐवजी हातोडी मागितली आणि त्यावरून दोघींची मैत्री झाली. त्यांचे पूर्वज म्हणे अडीचशे वर्षांपूर्वी जर्मनीतून येऊन तिथे शेती करायला लागले. अजूनही म्हाताऱ्या माणसांत घरी जुनी जर्मन बोली चालते. हिवाळ्यात शेतं बर्फाखाली गेली की त्या लोकांचा एक उद्योग असायचा, कागद कातरायचा. शालिनीची इंग्रजी बेताची आणि एडनाबाईंची बोलताना मधूनच जर्मन होणारी. मी विचारलं, "तुम्ही बोलता तरी काय?"

"ती तिचं बोलते, मी माझं बोलते," शालिनी म्हणाली. "कात्री दोघींच्या हातात असली की फार बोलावं लागत नाही."

जानेवारीच्या सुरुवातीला पहिलं पाकीट आलं. पत्राच्या दोन पानांमध्ये एक पांढरा कागद होता, तळहाताएवढा. बाहेर काढला तर कागद नव्हे, जाळं. मध्ये हृदयाचा आकार, त्याच्या दोन बाजूंना एकमेकांकडे तोंड केलेली दोन पाखरं, खाली कुंडी आणि कुंडीतून वर गेलेली, उलट्या घंटेसारखी ट्युलिपची फुलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो खिडकीच्या काचेला टेकवून धरला. ऊन आरपार आलं आणि पाखरं समोरच्या भिंतीवर जाऊन बसली. मी बराच वेळ तसाच उभा होतो. बस चुकली, त्याचं कारण त्या दिवशी हजेरीबाबूला काय सांगायचं हे मला सुचलं नाही. मी पोट बिघडलंय असं सांगितलं.

पत्रात शालिनीने कृती लिहिली होती, थालिपिठाची लिहावी तशी. "पातळ पण चिवट कागद घ्यायचा. मधोमध दुमडायचा. एका बाजूला अर्धंच चित्र काढायचं. कातरून उलगडलं की पुरं होतं. सगळं एकाच कागदात. काही चिकटवायचं नाही, काही जोडायचं नाही. एक देठ जरी तुटला तरी सगळा कागद बाद. एडनाबाई म्हणते माझा हात तयार आहे, कुठे शिकलीस? मी म्हटलं, दिंडोरीला."

दिंडोरीला, म्हणजे माहेरी. शालिनी बागाईतदारांची मुलगी. दहाव्या-बाराव्या वर्षापासून विरळणी केलेली. लग्नात तिच्या आईने तिच्याबरोबर भांडी दिली तशी तिची विरळणीची कात्रीही दिली, अंगठ्याच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. आमच्याकडे बाग नाही, कुंडीत एक तुळस. मग ती कात्री दोरे कापायला, कोथिंबिरीला, मृदुलाच्या हस्तकलेला, सगळ्याला लागली. ती कात्री मला कधी दिसली नाही, म्हणजे रोज दिसत होती.

त्या संध्याकाळी मी शिवणाचा डबा उघडून ती काढली. कारण सरळ होतं. मी व्यवसायाने रेघा काढणारा माणूस. विमानाच्या पंखाचं ड्रॉइंग काढतो, तर पाखराच्या पंखाला घाबरायचं काय? ड्रॉइंग पेपर घेतला, दुमडला, पट्टीने मध्यरेषा आखली. अर्धं पाखरू, अर्धं हृदय. तासभर जीभ बाहेर काढून कातरलं आणि अभिमानाने उलगडायला गेलो तर उलगडायला काही उरलंच नव्हतं. हातात दोन वेगळी पाखरं आली, प्रत्येकाच्या छातीला चिकटलेलं अर्धं हृदय. मी चित्र दुमडीच्या बाजूला काढायच्या ऐवजी कागदाच्या मोकळ्या कडेला काढलं होतं. जिथे जोडलेलं राहायला हवं तिथेच कापलं. तीस-बत्तीस वर्षं मध्यरेषा आखून पोट भरणाऱ्या माणसाने. पुढे पुन्हा दोनदा केलं. दुसऱ्यांदा दुमड बरोबर धरली, पण पाखराची मान तुटली. तिसऱ्यांदा काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पण सवय लागली. संध्याकाळी घरात आलो की दिवा, चहा, कात्री. कातरण्याचा बारीक आवाज येत राही, आणि घरात कोणीतरी काहीतरी करतंय असं वाटे.

आता शालिनी आतल्या खोलीत आहे. तिचा रेडिओ मला इथे ऐकू येतोय. सकाळचा टेम्पो गेला तेव्हा ती फाटकाशी उभी होती आणि वरच्या एका बाईने तिला हात केला. ओळखीची नसणार. सुरगाण्याकडच्या बाया असतात त्या, हंगामापुरत्या येतात. तरी केला. शालिनीनेही केला. मी व्हरांड्यातून पाहत होतो आणि मला उगीचच वाटलं की या दोघींमध्ये जे चाललंय त्यात मला प्रवेश नाही. हे वाटणं त्या हिवाळ्यातलं आहे. ते अजून अंगात आहे, जुन्या सर्दीसारखं, डिसेंबरात वर येतं.

जानेवारीच्या मध्यावर एका रविवारी शालिनी म्हणाली, "अहो, एक काम आहे. शिवणाच्या डब्यात माझी विरळणीची कात्री आहे. ती पाठवता का?"

"तिकडे कात्र्या नाहीत?"

"आहेत हो. एडनाबाईची तिच्या हाताची आहे, माझा अंगठा जात नाही. बाकीच्या जाड. वळणात फिरत नाहीत. सईसाठी एक मोठं काम धरलंय."

फोन आमच्याकडे बैठकीत, टीपॉयवर. आणि टीपॉयवर, फोनपासून चार बोटांवर, कात्री पडलेली होती, रात्रीच्या कागदाच्या कपच्यांमध्ये. मी तिच्याकडे बघत होतो. मला त्या क्षणी जे वाटलं ते असं. आधी बाळंतपणाला गेली. मग तिथे मैत्रीण झाली. मग काम धरलं. आता हत्यार मागतेय. बाईमाणूस आपली कात्री मागवून घेतं ते तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी नाही. कारखान्यात परगावची बदली झालेले लोक आधी एकटे जायचे, मग एक दिवस घरून आपला पाटा-वरवंटा मागवायचे. पाटा गेला की आम्ही समजायचो, गेला हा माणूस.

"सापडत नाही गं," मी म्हणालो.

"डब्यात बघितली का?"

"बघितली."

"बरं. शोधा जरा. असेल तिथेच."

"शोधतो."

पुढच्या रविवारी तिने विचारलं, सापडली का. मी म्हटलं, अजून नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही. खोट्याचं एक बरं असतं, पहिल्यांदा बोलताना घशात अडकतं, तिसऱ्यांदा ते तुमच्याआधीच बाहेर येऊन उभं राहतं. चौथ्या रविवारी तिने विचारलं नाही. त्याऐवजी म्हणाली, "तिकीट पुढे ढकललंय. मेच्या मध्याचं मिळालं. काम राहिलंय थोडं."

मी म्हणालो, "हो का? राहा की." इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच कौतुक वाटलं. फोन ठेवला आणि कारखान्यात लोकांना आता कुठल्या गावाचं नाव सांगायचं याचा विचार करत बसलो.

मग दुसरं पाकीट आलं. त्यात लांबलचक पत्र.

"एडनाबाईच्या लोकांत मूल झालं की त्याचं जन्मपत्र करायची रीत होती. आपल्या पत्रिकेसारखं, पण ग्रह नाहीत. गावातला शाळामास्तर हिवाळ्यात बसून लिहायचा. जाड, टोकदार, नक्षीची अक्षरं, आजूबाजूला लाल-पिवळी-हिरवी पाखरं नि फुलं. मग ते पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचे. कोणाला दाखवायचं नसतं, पेटी उघडली की आपल्याला दिसतं. एडनाबाईचं स्वतःचं अजून आहे. आता अक्षरं लिहिणारं कोणी नाही म्हणून सईचं ती लिहितेय, हात थरथरतो तरी. त्यात ठरलेलं वाक्य असतं, अमुक नवरा आणि त्याची धर्मपत्नी अमुक, जन्माने अमक्या घराण्यातली, यांना ही कन्या झाली. 'जन्माने कोण?' एडनाबाईने मृदुलाला विचारलं, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव लागतंच. मृदुलाने तुमचं आडनाव सांगितलं. तर तुम्ही आलात हो त्यात. मी कुठे येत नाही. आजीची जागा नाही त्यात. मग एडनाबाई म्हणाली, काठ तू कर. काठ कातरलेल्या कागदाचा, वरून बसवायचा. त्यांच्यात फुलांचा करतात. मी द्राक्षाचा वेल करतेय. चारी बाजूंनी, अखंड. पानं, तणावे, घड. घडातले मणी सुटे दिसायला मधली जागा काढावी लागते, तिथेच अडतंय. नखांच्या कात्रीनं करते. सोबत एक तुकडा पाठवलाय, बघा."

तुकडा पाहिला. पान सुरेख होतं, शिरांसकट. घडाशी मात्र कागद कुरतडल्यासारखा झाला होता आणि एका ठिकाणी फाटला होता. मणी एकमेकांत घुसले होते. विरळणी न केलेला घड.

मी ते पत्र दोनदा वाचलं. "मी कुठे येत नाही" हे तिने रागाने लिहिलं नव्हतं, भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं तसं लिहिलं होतं. तरी मी कात्री पाठवली नाही. लाज वाटली नाही असं नाही. पण महिनाभर शोधल्यावर ती आता सापडली कशी, हे सांगायची त्याहून जास्त लाज वाटली. माणूस असा असतो. निदान मी.

फेब्रुवारीच्या शेवटी, ज्या रविवारी तिला आणायला मुंबईला जायचं होतं, त्या रविवारी मी दिंडोरीला गेलो. कुठेतरी जायलाच हवं होतं. मेहुण्याच्या बागेत खुडा चालला होता. मांडवाखाली हिरवा गार उजेड, क्रेट रचलेले, बाया घड हातावर तोलून हळूच ठेवत होत्या. बाळू, शालिनीचा धाकटा भाऊ, क्रेटवर बसून चहा पीत होता.

"या दाजी. आज कशी काय वाट वाकडी?"

"सहज."

"आक्काची कात्री गावली का?"

त्याने पुढे केलेल्या चहाने माझा ओठ भाजला. "तुला काय माहीत?"

"फोन केला व्हता ना तिनी. म्हणली, काम अडलंय त्या कात्रीपायी. नाय तर आज विमानात असती म्हणे. मी म्हणलं, मी धाडतो, इथं चाळीस कात्र्या पडल्यात. तर नको म्हणली. तिला तिचीच पाह्यजे."

"चाळीसांतली एक का नाही चालत?"

बाळू हसला. "दाजी, कात्री म्हणजे बाईची चप्पल हे. दुसरीची घातली की फोड येतो. तुम्हाला नाय कळायचं, तुमचं सगळं काम पेन्सिलीचं."

एक म्हातारी मजूरबाई घड ठेवता ठेवता म्हणाली, "लय दिस झालं आक्काला. येनार कवा?"

बाळू म्हणाला, "मेत."

एवढ्या मोठ्या बागेत मला बसायला जागा सापडेना. मी तिला थांबवायला कात्री दडवली होती, आणि तिला थांबवलंही होतं, फक्त तिकडे. इतकं अचूक उलटं काम मी आयुष्यात केलं नाही, त्या पाखरांचा अपवाद सोडला तर. तिथेही मी नको ती कड कापली होती.

दुसऱ्या दिवशी खरंच रजा घेतली. कुरियरवाला म्हणाला, टोकदार वस्तू घेत नाही. मग पोस्टात. जुन्या पायजम्याच्या मांजरपाटाचं कापड घेऊन मी कात्रीभोवती पार्सल शिवलं, दाभणाने, आणि दोनदा त्यात स्वतःचं बोट शिवलं. खिडकीतल्या माणसाने पार्सल उलटंपालटं केलं.

"आत काय?"

"कात्री."

"कशाची?"

"द्राक्षाची."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "अमेरिकेत कात्र्या मिळत नाहीत का साहेब?"

"मिळतात. ही मिळत नाही."

"विमानाने का जहाजाने?"

"जहाजाने किती दिवस लागतात?"

"पोचेल तेव्हा पोचेल. तीन महिने धरा."

आता हे सांगायला नको, पण सांगतो. मी थांबलो. तीन महिन्यांत ती परत आलेली असेल. कात्री पाठवली असंही होईल, आणि प्रश्नच मिटेल. मागे रांग होती. एक माणूस खाकरला.

"विमानाने," मी म्हणालो, इतक्या मोठ्याने की तो खाकरणारा मागे सरकला.

मार्चच्या शेवटी रविवारी फोन आला. ऊन तापायला लागलं होतं, स्वेटर धुऊन वर गेले होते.

"मिळाली," शालिनी म्हणाली.

"बरं झालं."

"कुठे होती?"

कपाटामागे पडली होती, हे उत्तर मी महिनाभर तयार करून ठेवलेलं. ते बाहेर आलं नाही.

"होती घरातच. तू पहिल्यांदा मागितलीस तेव्हा माझ्यासमोर होती. फोनजवळ."

पलीकडे मागे सई रडत होती. मग कोणीतरी तिला उचललं असावं, ते थांबलं.

"मला वाटलं," मी म्हणालो, "कात्री गेली की तू तिकडचीच झालीस."

"चार वेल फाटले माझे," शालिनी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, मला पहिल्यांदाच रिसीव्हर कानाला दाबून धरावा लागला. "चार. चौथा तर शेवटच्या घडाशी येऊन फाटला. एडनाबाई म्हणायची, सोड, साधी रेघ काढू काठाला. रोज विचारायची, आली का तुझी कात्री? आणि मी रोज तिला सांगायची, नवरा शोधतोय."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतला.

"रोज सांगायची हो मी. नवरा शोधतोय म्हणून."

कार्ड संपलं की फोनमधली बाई आधी इंग्रजीत सांगते आणि मग फोन कटतो. तसं झालं नाही. कार्ड शिल्लक होतं. तिने फोन हळूच ठेवला.

पुढच्या रविवारी साडेसातला मृदुलाचा फोन आला. आई समोर एडनाबाईंकडे गेलीय म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही मृदुलाच. काठ झाला म्हणाली. आपली कात्री आल्यावर नऊ दिवसांत झाला, चारी बाजूंनी, कुठे तुटला नाही. मणी असे सुटे दिसताहेत की सई हात घालते. एडनाबाई रडल्या म्हणे. सईच्या खेळण्यांच्या पेटीला झाकणाच्या आतून लावलंय, पेटी उघडली की दिसतं.

"छान झालं," मी म्हणालो. "मग आता तिकीट?"

"ते मेचंच आहे बाबा. मी विचारलं आईला, अलीकडचं बघू का म्हणून. म्हणाली, राहू दे, घाई काय आहे."

खिडकीतून रस्ता दिसत होता. द्राक्षं संपत आली होती, टेम्पो रिकामेच परत येत होते, मागचं फाळकं खडखडत.

"तिकडचा बर्फ वितळला का गं?" मी विचारलं.

"कधीच वितळला, बाबा," ती म्हणाली.